जीवा, जेब आणि सायनस

माझं डोकं दुखायला लागलं की सगळ्या वर्गाला कळायचं. भुवयांच्या मधोमध डाव्या हाताचा अंगठा दाबून धरायचा आणि उजव्या हातानं फळ्यावर लिहीत राहायचं, अशी सवयच लागली होती मला. थंडीत त्रास वाढायचा. ऊस गेल्यावर लोक रानात पाचट पेटवायचे, त्या आठवड्यात तर डोळे उघडायला नको वाटायचं. वाफारे घेऊन झाले, काढे झाले, तीन-चार प्रकारच्या गोळ्या झाल्या. शेवटी कोरेगावचे आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आता मिरजेला दाखवा."

मी कोरेगावजवळच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवते. सव्वीस वर्षं झाली. माझे यजमान फौजेतून निवृत्त झालेत, आता ऊस आणि थोडं आलं बघतात. मिरजेला जायचं म्हटल्यावर त्यांनी रेल्वेची तिकिटं काढली, डबा बांधून घेतला आणि माझ्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाइलला लावल्या. फौजेची ही शिस्त घरात मला कधीकधी जाचते, पण दवाखान्यात तिच्याइतकं उपयोगी काही नसतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी माझ्या डोक्याच्या स्कॅनची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. माझा स्वतःचा चेहरा आतून कापल्यासारखा समोर होता.

"हे काळं दिसतंय ना, तिथं हवा आहे. असंच पाहिजे. आणि इथं बघा, गालामागं आणि कपाळात, करडं झालंय. म्हणजे भरलंय. सायनस म्हणजे मुळात पोकळी. लॅटिन शब्द आहे. खळगा, कपड्याची घडी, समुद्राची खाडी, असे त्याचे अर्थ."

"डॉक्टर, मग आमचा साइन?" मी विचारलं.

"कुठला साइन?"

"त्रिकोणमितीतला. साइन थीटा. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मी त्याचं नाव सायनस असं छापलेलं बघितलंय. मला वाटलं होतं छपाईची चूक असेल."

डॉक्टर हसल्या. "गणित मी बारावीनंतर सोडलं हो. पण शब्द तोच असेल तर मजाच आहे."

यजमानांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. बाहेर आल्यावर म्हणाले, "आपरेशन नाकाचं हाय. तू डोकं कशाला लावतीस?"

पण माझं डोकं लागलं होतं खरं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी हिशेब करत होते. एका वर्षात दोन तुकड्या, सव्वीस वर्षं, म्हणजे 'समोरची बाजू भागिले कर्ण' हे वाक्य मी किती हजार वेळा उच्चारलं असेल. आणि एकदाही, एका पोरानंही, मला विचारलं नव्हतं की बाई, ह्याला साइन का म्हणतात. त्यांनी विचारलं नाही ह्याचं मला नवल वाटलं नाही. मी स्वतःला विचारलं नाही ह्याची मात्र लाज वाटली.

मोबाईलवर शोधलं. मधेमधे रेंज जायची, त्यामुळं माहिती तुकड्या-तुकड्यानं येत होती. एवढं कळलं की हा शब्द लॅटिनमध्ये अरबीतून आला, अरबीत संस्कृतमधून गेला, आणि वाटेत कुणीतरी तो चुकीचा वाचला. मी यजमानांना वाचून दाखवलं.

"मोबाईलवर काय, कायबी असतंय," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

मलाही तसंच वाटलं. गणिताच्या माणसाला पडताळा लागतो.

पंधरा दिवसांनी मी ऑपरेशनसाठी दाखल झाले. दोन खाटांची खोली होती. पलीकडच्या खाटेवर साठीच्या एक बाई होत्या, कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालेल्या. उजवा कान आणि अर्धं डोकं पट्टीत. मी नाव सांगायला लागले तशा म्हणाल्या, "ह्या बाजूनं या मॅडम, त्या बाजूचं दुकान बंद आहे." त्या मिरजेतल्याच. नगरपालिकेच्या उर्दू शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची सून त्यांना आपा म्हणायची, मीही म्हणायला लागले.

माझ्या तपासण्या व्हायच्या होत्या, ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. दुपारभर नुसतं बसून राहायचं. मी मोबाईल घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि त्या लेखातला अरबी शब्द मोठा करून दाखवला.

"आपा, हे वाचता येईल?"

त्यांनी चष्मा लावला. कानावर पट्टी असल्यामुळं एका बाजूची काडी हातानं धरावी लागत होती.

"हो. जेब. आपण खिसा म्हणतो तो. अरबीत जैब म्हणतील."

"आणखी कसा वाचता येईल?"

"आणखी?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं मुलांना अक्षरं शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न आवडतोच. त्यांनी माझ्याच फाइलच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून दाखवलं. "बघा. हा जीम, हा ये, हा बे. ज, य, ब. आता वर-खाली खुणा दिल्या तर कसं म्हणायचं ते पक्कं होतं. पण मोठी माणसं खुणा देत नाहीत, त्या मुलांसाठी. मग हा 'ये' कसा धरता त्यावर आहे. जैब वाचा, नाहीतर जीब वाचा."

"जीब म्हणजे काय अरबीत?"

"काही नाही. असा शब्दच नाही. म्हणून तर कोणीही जैबच वाचणार."

मी त्यांना सांगितलं की मूळ शब्द 'जीवा' होता. अरबीत जाताना 'व'चा 'ब' होऊन तो 'जीबा' झाला, आणि लिहिताना ज, य, ब एवढंच उरलं. तिकडच्या ज्योतिषांना तो परक्या भाषेतला शब्द आहे हे ठाऊक होतं, ते लिहीत राहिले. पुढं कधीतरी स्पेनकडं ती पुस्तकं लॅटिनमध्ये करायला घेतली, तेव्हा भाषांतर करणाऱ्यासमोर ही तीनच अक्षरं होती. त्यानं वाचलं जैब. अंगरख्याच्या छातीवरची घडी, जिच्यात माणूस वस्तू ठेवतो. त्या घडीला लॅटिनमध्ये सायनस.

आपांनी फाइलवरची तीन अक्षरं पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "त्या माणसाची चूक नाही म्हणायची मॅडम. माझ्या वर्गात असता तर मी त्याला पूर्ण मार्क दिले असते."

हे बोलता बोलता मला आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मोबाईलनं सांगितलेली नव्हती. 'जीवा' हा शब्द आमच्या मराठी पुस्तकात आहेच! वर्तुळाच्या धड्यात. वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड म्हणजे जीवा. तो धडा मी ऑगस्ट-सप्टेंबरात शिकवते आणि त्रिकोणमिती दिवाळीनंतर. एकाच पुस्तकात, थोड्या पानांच्या अंतरानं, एकच शब्द दोनदा येतो. एकदा आपल्या घरच्या कपड्यांत आणि एकदा जग फिरून परक्या वेषात. मी सव्वीस वर्षं दोघांना ओळखत होते आणि ते एकच आहेत हे मला माहीत नव्हतं.

यजमान चहा घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी फाइलच्या पाठीवर वर्तुळं काढत होतो.

"डाक्टरची फाइल हाय ती," ते म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. नाकात दोन्हीकडं बोळे कोंबलेले, तोंडानं श्वास, बोलले तर 'न'चा 'ड' व्हायचा. त्यामुळं दुसऱ्या दिवशी मी ऐकत होते आणि आपा बोलत होत्या. त्यांचे वडील मिरजेतल्या एका छोट्या मशिदीत अजान द्यायचे. घड्याळ होतं, पण त्यांचा घड्याळावर भरवसा नव्हता. अंगणात एक काठी उभी रोवलेली असायची. दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली की ते तिथं खडूनं खूण करायचे. मग तिथून पुढं सावली वाढत जायची. ती किती वाढली त्यावर तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची वेळ.

"काही लोक एकपट धरतात. काठीइतकी सावली वाढली की वेळ झाली. आम्ही दुप्पट धरतो. मी लहान होते, मला म्हणायचे, जा, सावली बघून ये. मी काठीएवढी दोरी घेऊन बसायची, सावलीवर ठेवून मोजायची."

मी मनातल्या मनात त्रिकोण काढला. उभी काठी, जमिनीवर सावली, आणि काठीच्या टोकावरून सावलीच्या टोकापर्यंत येणारा तिरपा उन्हाचा किरण. काठी एक, सावली एक, तर कोन पंचेचाळीस. सावली दुप्पट, तर कोन त्याहून बराच कमी. परकराच्या घोळात दोरी घेऊन बसलेली ती सात-आठ वर्षांची पोरगी रोज गुणोत्तर काढत होती.

मी कागदावर लिहिलं, "सावलीला अरबीत काय म्हणतात?"

"जिल," त्या म्हणाल्या. "का?"

मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. ज्याला आपण टॅन म्हणतो त्याला अरबी गणिती सावलीच म्हणायचे. जिल. आपांनी ते दोनदा वाचलं आणि सुनेला हाक मारली, "इकडं ये गं. बघ, मी त्रिकोणमिती केलेली आहे!"

तिसऱ्या दिवशी मला घरी सोडलं. निघताना त्यांनी माझा नंबर घेतला आणि म्हणाल्या, आणखी काही सापडलं तर सांगा, डाव्या कानावर.

तीन आठवडे रजा होती. नाक मोकळं झालं तसं घरात बसवेना. आमच्या शाळेत पूर्वी संस्कृत शिकवणाऱ्या एक बाई साताऱ्याला राहतात. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, शाळेत असताना आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. त्यांच्याकडं गेले. त्यांनी आधी माझं नाक बघितलं, मग प्रश्न ऐकला आणि कपाटातून कोश काढला.

"ज्या, जीवा, मौर्वी. सगळ्यांचा अर्थ एकच. धनुष्याची दोरी," त्या म्हणाल्या. "हे धनुष्य काढ. ही वाकलेली काठी, म्हणजे वर्तुळाचा तुकडा. त्याला चाप म्हणतात. ही दोरी, ही जीवा. आता बाण लाव. बाण दोरीला कुठं टेकतो?"

"मध्यावर."

"मग दोरीचे दोन अर्धे झाले. जुन्या ग्रीक ज्योतिषांनी आख्ख्या दोऱ्यांची कोष्टकं केली होती. आपल्याकडं दीड हजार वर्षांपूर्वी अर्ध्या दोरीनं काम व्हायला लागलं. अर्धज्या. सारखं सारखं अर्ध कोण म्हणणार? ते गळून गेलं, नुसती ज्या राहिली."

मी कागदावर केंद्र काढलं, त्रिज्या काढली, अर्धी दोरी काढली. काटकोन त्रिकोण आपोआप समोर उभा राहिला. समोरची बाजू भागिले कर्ण. ही समोरची बाजू म्हणजे अर्धी दोरी. इतकं स्वच्छ मी ते कधीच बघितलं नव्हतं.

"आणि त्रिज्या!" मी जवळजवळ ओरडलेच. "त्रिज्या ह्या शब्दात पण ज्या आहे!"

"आहे की," बाई शांतपणे म्हणाल्या. "तीन राशींची ज्या. तीन राशी म्हणजे नव्वद अंश. नव्वद अंशांची अर्धी दोरी किती?"

"त्रिज्येइतकी. साइन नव्वद बरोबर एक."

"तुमचं गणितवाल्यांचं ते एक तुम्ही बघा. मला दोरीपुरतं कळतं."

मी भारावूनच गेले होते. म्हटलं, "बाई, म्हणजे हे सगळं मूळचं आपलंच!"

बाईंनी चष्मा काढला. "हे बघ, तो नव्वद अंशांचा आकडा कुठून आला? वर्तुळाचे तीनशे साठ भाग करायची रीत बाबिलोनच्या लोकांपासूनची. मिसरचे लोक पिरॅमिडची बाजू किती तिरपी घ्यायची त्याचं माप ठेवायचे. ग्रीकांनी दोऱ्या मांडल्या. त्यांच्याकडून आपल्याकडं किती आलं आणि आपलं आपण किती काढलं, ह्यावर विद्वान अजून भांडतात. आपण दोरी अर्धी केली आणि पुढचा रस्ता सोपा झाला, एवढं पक्कं. बाकीचं फार छातीठोकपणे कुणी सांगायला लागलं की मी जरा खुर्ची मागं घेते."

मग चहा ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तू पोरांना काय सांगतेस, हे कशासाठी शिकायचं म्हणून?"

"झाडाची उंची काढायला. नदीचा काठ, दीपगृह, इमारत…"

"ते लोक झाडं मोजत नव्हते गं. ते ग्रहण कधी लागणार ते शोधत होते. चंद्र कुठं असेल, सूर्य कुठं असेल. झाडावर चढता येतं. चंद्रावर कसं चढणार होते बिचारे?"

परत येताना एसटीत मी आपांना फोन लावला. त्यांना 'बिचारे' फार आवडलं.

रजा संपून शाळेत गेले तेव्हा त्रिकोणमितीचा धडा सुरू व्हायचाच होता. पहिल्या दिवशी मी सूत्रं लिहिली नाहीत. मुलांना पुस्तकासकट मैदानावर नेलं. मधोमध खुंटी, तिला सुंभाची दोरी बांधून चुन्याच्या फक्कीनं मोठं वर्तुळ आखलं. मग एक दोरी वर्तुळावर आडवी धरायला लावली आणि सगळी गोष्ट सांगितली. बाबिलोनपासून मिरजेच्या दवाखान्यापर्यंत. माझं नाक आतून बघितलं होतं हे ऐकून सगळे खूश झाले.

सगळं सांगून झाल्यावर एक मुलगी उठली. आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली, मामाकडं शिकायला राहिलेली. फारशी बोलायची नाही.

"मॅडम, म्हंजे साइन ही चूकच हाय व्हय?"

"नावात चूक आहे. हो."

"मग आमी चूकच पाठ करायची?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "नाव चुकलं, पण त्या नावाखालचं कोष्टक बरोबर होतं. ज्यानं चुकीचं नाव दिलं त्याचंही उत्तर बरोबरच यायचं. म्हणून कुणाचं अडलं नाही आणि कुणी दुरुस्त केलं नाही."

ती बसली नाही. "पर आपल्याला तर खरं नाव म्हाईत हाय."

"आहे."

"मग आपल्या पुस्तकात तरी जीवा लिवायला पायजे हुतं."

मी म्हटलं, "लिहिलंय. मागच्या धड्यात बघ." तिनं पुस्तक उघडलं, वर्तुळाचा धडा काढला, आणि तिथं बोट ठेवून शेजारणीला दाखवलं. मग ते पुस्तक हातोहात सगळ्यांकडं फिरलं.

ही हकिकत मी संध्याकाळी यजमानांना सांगितली. आम्ही आल्याच्या रानाच्या बांधावर बसलो होतो. धनुष्याची दोरी वगैरे त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी काय करायचो फौजेत, तुला ठावं हाय?"

"तोफखान्यात होता."

"तोफखान्यात व्हतो, पर तोफ कवा डागली न्हाई. मी कोन काढायचो. नकाशा, कागद, पेन्सिल. हितून तितं किती लांब, किती उंच, तोफंचं तोंड किती उचलायचं. साइन, टॅन, समदं. आकडा काढून सांगितला की माझं काम संपलं." त्यांनी पायाजवळचं ढेकूळ फोडलं. "गोळा कुठं पडला ते दुसरं कोणतरी बघायचं. मला कवा दिसलं न्हाई."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ते फौजेतून परत आल्यापासून मी रोज घरी बसून त्रिकोणमितीच्या वह्या तपासायचे आणि ते शेजारी बसून पेपर वाचायचे. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

"आवं, मग कधी बोलला का नाही?"

"काय बोलायचं त्यात? तुझी पोरं झाडाची उंची काढायची. ते बरं वाटायचं मला."

धनुष्याच्या दोरीपासून सुरू झालेला शब्द कुठं कुठं गेला होता, ते मी मगाशी फार हौसेनं सांगितलं होतं. त्यातलं एक ठिकाण माझ्या घरातच होतं.

थोड्या वेळानं त्यांनीच समोरच्या डोंगराकडं हात केला. पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या.

"ती कडंची दिसती? किती लांब असंल, सांग."

"आता कोन कसा मोजू? साधन कुठंय?"

"हाय की." त्यांनी हात सरळ लांब केला, एक डोळा मिटला आणि अंगठा आडवा धरला. "आमाला पुऱ्या गोलाचे तीनशे साठ न्हवते, चौसष्टशे भाग. एका किलोमीटरवर एक मीटरची वस्तू एवढी दिसती, तो एक भाग. माझ्या अंगठ्याची रुंदी तीस भाग भरती, फौजेत मोजून ठेवलीय. आता खांब पाऊणशे मीटरचा धर. तो अंगठ्याच्या अर्ध्या रुंदीत बसला, म्हंजे पंधरा. पाऊणशेला पंधरानं भाग."

"पाच."

"पाच किलोमीटर."

मी मोबाईलवर नकाशा उघडला. पठाराचा तो कोपरा शोधून काढायला वेळ लागला. पावणेपाच दाखवत होतं.

"तुमचा पाव किलोमीटर चुकला," मी म्हटलं.

"खांबाची उंची म्या अंदाजानं धरली. ती चुकली आसंल," ते म्हणाले. "कोन न्हाई चुकायचा."

मी माझा हात लांब केला, डोळा मिटला, अंगठा धरला. माझा अंगठा त्यांच्यापेक्षा बारीक होता आणि हातही आखूड. तो किती भाग भरतो हे आधी मोजून ठरवावं लागणार होतं. त्यांनी पटकन उठून बांधावरून दहा पावलं मोजली आणि तिथं खुरपं उभं रोवलं.